वॉटरगेट, ध्वनिफिती आणि १९७१ : रिचर्ड निक्सन यांच्या ऐतिहासिक प्रतिमेचा पुनर्विचार

प्रस्तावना

राष्ट्रप्रमुखाच्या कारकिर्दीला एखाद्या गैरप्रकाराचा डाग लागला की त्याचे इतिहासातील स्थान खालावते, हे विधान इतके सर्वमान्य झाले आहे की ते तपासून पाहण्याची गरज सहसा कोणास वाटत नाही. अमेरिकेचे सदतिसावे अध्यक्ष रिचर्ड निक्सन हे या विधानाचे ठरलेले उदाहरण होय. १९७२ च्या निवडणुकीत पन्नासपैकी एकोणपन्नास राज्ये जिंकणाऱ्या या नेत्याला दोन वर्षांच्या आत, ९ ऑगस्ट १९७४ रोजी, पदत्याग करावा लागला. पदत्याग करणारे ते आजवरचे एकमेव अमेरिकी अध्यक्ष आहेत. त्यांचे समर्थक म्हणतात की वॉटरगेटमुळे त्यांची चांगली कामे झाकोळली गेली. विरोधक म्हणतात की वॉटरगेटमुळे त्यांचे खरे रूप उघड झाले. या दोन्ही प्रतिपादनांत वॉटरगेट म्हणजे निक्सन यांच्या चरित्रावर बाहेरून पडलेला एक डाग, एवढेच गृहीत धरलेले दिसते.

प्रस्तुत लेखकाच्या मते हे गृहीतक अपुरे आहे. वॉटरगेटने निक्सन यांच्याविषयीचा निवाडा तर ठरविलाच, पण ज्या पुराव्यावर पुढील निवाडे व्हावयाचे होते तो पुरावाही वॉटरगेटनेच इतिहासकारांच्या हाती दिला. आणि त्याच वेळी त्यांचा अपराध कोणता, याची एक अरुंद चौकटही आखून दिली. या चौकटीबाहेर राहिलेल्या गोष्टींत १९७१ च्या पूर्व पाकिस्तानातील संहाराबाबत निक्सन यांनी घेतलेली भूमिका येते. भारतीय वाचकाला या विषयात रस वाटावा तो मुख्यतः या कारणाने.

प्रारंभी शब्दाविषयी एक खुलासा. मराठी वृत्तपत्रांनी अशा सर्व प्रसंगांना 'घोटाळा' हा एकच शब्द सरसकट लावला आहे. या शब्दाला पैशाच्या अफरातफरीचा वास येतो. वॉटरगेटमध्ये काळ्या पैशाची देवघेव झाली हे खरे. पण त्याचा गाभा पैसा नसून सत्तेचा गैरवापर आणि त्याची लपवाछपवी हा होता. म्हणून येथे शक्यतो 'प्रकरण' हा शब्द वापरला आहे.

पुराव्यावाचून झालेला निवाडा : हार्डिंग

निक्सन यांच्या पूर्वी अमेरिकेत ज्या अध्यक्षाचे नाव गैरप्रकारांशी सर्वाधिक जोडले गेले ते वॉरन हार्डिंग होत. २ ऑगस्ट १९२३ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे त्यांचे पदावर असतानाच निधन झाले, तेव्हा देशभर शोक व्यक्त झाला होता. त्यानंतर टीपॉट डोम तेलक्षेत्राच्या भाडेपट्ट्याचे प्रकरण उलगडत गेले. अंतर्गत व्यवहार खात्याचे सचिव अल्बर्ट फॉल यांना लाच घेतल्याबद्दल १९२९ मध्ये दोषी ठरविण्यात आले आणि पुढे तुरुंगवास झाला. मंत्रिमंडळात असताना केलेल्या अपराधासाठी तुरुंगात जाणारे ते पहिले अमेरिकी मंत्री. हार्डिंग यांनी स्वतः या व्यवहारात पैसा घेतल्याचे सिद्ध झालेले नाही. तथापि त्यांचे नाव कायमचे बद्दू झाले.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, हा निवाडा कागदपत्रे न पाहता झाला. हार्डिंग यांच्या पत्नी फ्लोरेन्स यांनी पतीची अनेक कागदपत्रे जाळली होती आणि सारेच दप्तर नष्ट झाले असा समज रूढ होता. परिणामी चार दशके इतिहासकारांना ऐकीव माहिती, आठवणी आणि सनसनाटी पुस्तके यांवर विसंबावे लागले. प्रत्यक्षात बरेचसे दप्तर शिल्लक होते आणि ते १९६४ साली ओहायोमध्ये अभ्यासकांना खुले झाले. त्याच्या आधारे रॉबर्ट मरे यांनी १९६९ मध्ये हार्डिंग यांच्या प्रशासनाचे बरेच संतुलित चित्र मांडले. पण प्रतिमा फारशी हलली नाही. सी-स्पॅन या अमेरिकी वाहिनीने इतिहासकारांकडून करवून घेतलेल्या क्रमवारीत हार्डिंग २००० साली अडतिसावे होते, २०२१ साली सदतिसावे.

याउलट युलिसिस ग्रँट यांचे उदाहरण. व्हिस्की रिंगसारखी प्रकरणे त्यांच्या कारकिर्दीत घडली आणि ती कोणी नाकारलेली नाहीत. तरीही त्याच क्रमवारीत ते तेहतिसाव्या स्थानावरून विसाव्या स्थानावर आले. कारण यादवी युद्धानंतरच्या पुनर्रचनेकडे आणि कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांकडे पाहण्याची इतिहासकारांची दृष्टी बदलली आणि कू क्लक्स क्लॅनविरुद्ध ग्रँट यांनी केलेली कारवाई महत्त्वाची वाटू लागली. इतिहासकारांनी प्रश्न बदलला आणि उत्तरही बदलले.

कागदपत्रे कोणाच्या मालकीची?

जॉर्ज वॉशिंग्टन यांच्यापासून अमेरिकेत अशी प्रथा होती की, अध्यक्षाने पद सोडताना आपली कागदपत्रे खासगी मालमत्ता म्हणून बरोबर न्यावीत. हार्डिंग यांच्या पत्नीने कागद जाळले तेव्हा तिने कोणताही कायदा मोडला नव्हता. चेस्टर आर्थर यांनी तर मृत्यूच्या थोडे आधी आपले बहुतेक दप्तर जाळून टाकविले होते. संस्थानिकांची दप्तरे वारसांच्या वाड्यात कुजत पडल्याचे अनुभव ज्यांच्या गाठी आहेत, त्या आपल्याकडील संशोधकांना या प्रथेचे दुष्परिणाम वेगळे सांगावयास नकोत.

निक्सन यांनी याच प्रथेवर भिस्त ठेवली होती. १६ फेब्रुवारी १९७१ पासून त्यांच्या कार्यालयात आवाज होताच आपोआप सुरू होणारी ध्वनिमुद्रण यंत्रणा कार्यान्वित झाली. आपल्या कारकिर्दीचा इतिहास आपणच लिहावा आणि त्यासाठी अस्सल साधन हाताशी असावे, हा यामागील हेतू. ही यंत्रणा जुलै १९७३ पर्यंत चालली आणि सुमारे ३,७०० तासांचे ध्वनिमुद्रण झाले. तिचे अस्तित्व मोजक्याच व्यक्तींना ठाऊक होते.

१७ जून १९७२ च्या पहाटे वॉशिंग्टनमधील वॉटरगेट संकुलात डेमोक्रॅटिक पक्षाच्या कार्यालयात शिरलेल्या पाच जणांना अटक झाली. या घुसखोरीची आज्ञा स्वतः निक्सन यांनी दिली होती, असे दर्शविणारा पुरावा आजही उपलब्ध नाही. त्यांचा अपराध त्यानंतरचा आहे. पण हे सिद्ध झाले असते का, याविषयी शंका घेण्यास जागा होती. १६ जुलै १९७३ रोजी सिनेटच्या चौकशी समितीपुढे अलेक्झांडर बटरफिल्ड या अधिकाऱ्याने ध्वनिमुद्रण यंत्रणेचे अस्तित्व उघड केले आणि चौकशीचे स्वरूपच पालटले. त्यानंतरचे वर्ष हे ध्वनिफितींच्या ताब्यासाठी झालेल्या झगड्याचे वर्ष आहे. २० ऑक्टोबर १९७३ रोजी विशेष अभियोक्ता आर्चिबाल्ड कॉक्स यांची हकालपट्टी झाली. ती करण्यास नकार देऊन महाधिवक्ता रिचर्डसन यांनी राजीनामा दिला आणि त्यांच्या उपप्रमुखांनाही जावे लागले. एका फितीत साडेअठरा मिनिटांचा आवाजच पुसलेला आढळला. अखेरीस २४ जुलै १९७४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध शून्य मतांनी फिती सुपूर्द करण्याचा आदेश दिला. ५ ऑगस्टला २३ जून १९७२ च्या संभाषणाची प्रत प्रसिद्ध झाली. सीआयएकरवी एफबीआयचा तपास थांबविण्याच्या योजनेला अध्यक्षांनी संमती दिल्याचे तीत स्पष्ट होते. तोवर त्यांची बाजू घेणारे समितीतील सदस्यही त्यानंतर मागे हटले.

राजीनाम्यापर्यंतची ही हकीगत सर्वांस परिचित आहे. त्यानंतरचा भाग आपल्याकडे क्वचितच सांगितला जातो, आणि इतिहासलेखनाच्या दृष्टीने तो अधिक मोलाचा आहे. ८ सप्टेंबर १९७४ रोजी अध्यक्ष फोर्ड यांनी निक्सन यांना संपूर्ण माफी दिली. त्याच दिवशी शासनाच्या सामान्य सेवा प्रशासनाचे प्रमुख आर्थर सॅम्प्सन आणि निक्सन यांच्यात झालेला एक करार जाहीर झाला. या करारानुसार कागदपत्रे व फिती निक्सन यांच्या मालकीच्या राहणार होत्या. पाच वर्षांनंतर निक्सन सांगतील त्या फिती नष्ट करावयाच्या होत्या, आणि त्यांचा मृत्यू किंवा १ सप्टेंबर १९८४ यांपैकी जे आधी घडेल तेव्हा उरलेल्या साऱ्या नष्ट व्हावयाच्या होत्या. हा करार अमलात आला असता तर निक्सन हे दुसरे हार्डिंग ठरले असते. दुष्कीर्ती कायम राहिली असती आणि पुरावा ऐकीव.

अमेरिकी काँग्रेसने डिसेंबर १९७४ मध्ये खास कायदा करून हा सारा साठा शासनाच्या ताब्यात घेतला. या साठ्यात सुमारे ४ कोटी २० लाख पृष्ठे आणि ८८० ध्वनिफिती होत्या. निक्सन यांनी कायद्याला आव्हान दिले. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने तो सात विरुद्ध दोन मतांनी वैध ठरविला. पुढच्याच वर्षी, १९७८ मध्ये, सर्वच अध्यक्षांची शासकीय कागदपत्रे राष्ट्राच्या मालकीची ठरविणारा कायदा झाला. तो १९८१ पासून पदावर येणाऱ्या अध्यक्षांना लागू आहे. तरीही फिती खुल्या होण्यास उशीर लागला. निक्सन आणि त्यांच्या पश्चात त्यांचे वारस न्यायालयात लढत राहिले. इतिहासकार स्टॅन्ली कटलर यांनी १९९२ मध्ये दावा दाखल केला आणि १९९६ च्या तडजोडीनंतर गैरप्रकारांविषयीचे सुमारे दोनशे तासांचे ध्वनिमुद्रण खुले झाले. शेवटचा भाग ऑगस्ट २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. पदत्यागानंतर एकोणचाळीस वर्षांनी!

दोषारोपांची चौकट

प्रतिनिधीगृहाच्या न्यायविषयक समितीने जुलै १९७४ च्या अखेरीस महाभियोगाची तीन कलमे मंजूर केली. न्यायप्रक्रियेत अडथळा, सत्तेचा गैरवापर आणि काँग्रेसच्या आदेशांची अवज्ञा ही ती तीन. ही कलमे सर्व पाठ्यपुस्तकांत आढळतात. ३० जुलै रोजी मांडलेले आणखी एक कलम मात्र सहसा उल्लेखिले जात नाही. कंबोडियावर १९६९ पासून काँग्रेस व जनता यांच्यापासून लपवून केलेल्या बाँबफेकीबद्दल निक्सन यांच्यावर दोष ठेवावा, असे त्यात म्हटले होते. ते बारा विरुद्ध सव्वीस मतांनी फेटाळले गेले.

ते का फेटाळले गेले हे समजणे कठीण नाही. काँग्रेसमधील काही ज्येष्ठांना या बाँबफेकीची कल्पना दिली गेली होती. युद्धाला निधी तर काँग्रेसनेच मंजूर केला होता. शिवाय दोन्ही पक्षांची मते एकत्र आणावयाची तर परराष्ट्रधोरणाचा वाद टाळणे सोयीचे होते. राजकीय व्यवहार म्हणून हे समजण्यासारखे आहे. पण त्याचा परिणाम असा झाला की, परक्या देशातील शेतकऱ्यांवर गुप्तपणे बाँब टाकणे हे 'धोरण' ठरले आणि प्रतिपक्षाच्या कार्यालयात चोरून शिरल्याची लपवाछपवी हा 'अपराध' ठरला. पुढील इतिहासलेखनाने ही विभागणी जवळजवळ जशीच्या तशी स्वीकारली. निक्सन यांच्याविषयीच्या सामान्य चरित्रग्रंथांत 'परराष्ट्रधोरण' हे यशाचे प्रकरण असते आणि 'वॉटरगेट' हे अपयशाचे. फेब्रुवारी १९७२ ची चीनभेट पहिल्यात, फिती दुसऱ्यात.

निक्सन यांनी स्वतः या विभागणीचा पुरेपूर उपयोग करून घेतला. १९७८ चे आत्मचरित्र आणि त्यानंतरची पुस्तके यांतून त्यांनी स्वतःला ज्येष्ठ मुत्सद्दी म्हणून उभे केले. एप्रिल १९९४ मध्ये त्यांच्या अंत्यविधीस तत्कालीन अध्यक्ष क्लिंटन यांच्यासह पाच आजी-माजी अध्यक्ष उपस्थित होते. संपूर्ण जीवनकार्य पाहूनच त्यांचा निवाडा व्हावा, असे आवाहन क्लिंटन यांनी केले. त्याच वर्षी जोन हॉफ यांनी निक्सन यांच्या अंतर्गत धोरणाचे पुनर्मूल्यांकन करणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. पर्यावरण संरक्षण संस्थेची १९७० मधील स्थापना यांसारख्या बाबी वॉटरगेटच्या छायेत दुर्लक्षित राहिल्या, हा हॉफ यांचा मुद्दा ग्राह्य आहे. मात्र छाया जशी चांगल्या कामांवर पडते तशीच ती वाईट कामांवरही पडते. हे पुनर्मूल्यांकन करणाऱ्यांनी पुरेसे विचारात घेतलेले दिसत नाही.

१९७१ : छायेतील अपराध

ध्वनिमुद्रण यंत्रणा सुरू झाल्यानंतर सदतीस दिवसांनी, २५ मार्च १९७१ च्या रात्री, पाकिस्तानी लष्कराने ढाक्यात हत्याकांडास प्रारंभ केला. हा निव्वळ योगायोग. पण पुराव्याच्या दृष्टीने त्याचे मोल फार आहे. कंबोडियातील बाँबफेकीचे निर्णय १९६९-७० मध्ये झाले, तेव्हा यंत्रणा नव्हती. पूर्व पाकिस्तानचा पेचप्रसंग मात्र आरंभापासून अखेरपर्यंत तिच्या टप्प्यात येतो.

६ एप्रिल १९७१ रोजी ढाक्यातील अमेरिकी वाणिज्यदूत आर्चर ब्लड यांच्या कार्यालयातून वीस अमेरिकी अधिकाऱ्यांच्या सह्यांनिशी एक निषेधाची तार वॉशिंग्टनला गेली. आपल्या शासनाचे मौन म्हणजे नैतिक दिवाळखोरी आहे, असा तिचा आशय होता. शासनाने मौन सोडले नाही. ब्लड यांची बदली झाली. याह्याखान हे चीनशी गुप्त संपर्क साधण्याचे माध्यम होते आणि जुलैमध्ये किसिंजर पाकिस्तानमार्गेच बीजिंगला जाऊन आले. दरम्यान भारतात येणाऱ्या निर्वासितांची संख्या एक कोटीच्या घरात पोहोचली. नोव्हेंबरात इंदिरा गांधी वॉशिंग्टनला गेल्या. ५ नोव्हेंबरच्या सकाळी निक्सन आणि किसिंजर यांनी त्यांच्याविषयी आणि भारतीयांविषयी जे असभ्य शब्द वापरले ते २००५ साली परराष्ट्र खात्याने कागदपत्रे प्रसिद्ध केल्यावर जगजाहीर झाले. किसिंजर यांनी त्याबद्दल खेद व्यक्त केला. आपल्याकडील वृत्तपत्रांत तेव्हा गाजली ती ही शिवीगाळच.

वस्तुतः शिवीगाळ ही या फितींतील सर्वांत कमी महत्त्वाची बाब आहे. गॅरी बास यांनी २०१३ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिल्याप्रमाणे, डिसेंबरच्या युद्धात जॉर्डनसारख्या देशांमार्फत अमेरिकी बनावटीची लढाऊ विमाने पाकिस्तानला पोहोचविण्याचा विचार निक्सन व किसिंजर करीत होते, आणि हे अमेरिकी कायद्याविरुद्ध आहे याची दोघांनाही जाणीव होती. भारताच्या सीमेवर चीनने सैन्य हलवावे असेही त्यांचे प्रयत्न चालले होते. सातव्या आरमारातील 'एंटरप्राइझ' ही विमानवाहू नौका बंगालच्या उपसागराकडे निघाली, हे त्या काळी मुंबईत दिवे मालवून बसलेल्या पिढीला ठाऊकच आहे. या हालचालीमागे चाललेला संवाद मात्र त्या पिढीला ऐकता आला नव्हता.

येथे वॉटरगेट आणि १९७१ यांचा एक थेट दुवाही नोंदविला पाहिजे. डिसेंबर १९७१ आणि जानेवारी १९७२ मध्ये स्तंभलेखक जॅक अँडरसन यांनी व्हाइट हाउसच्या गुप्त बैठकांची टिपणे प्रसिद्ध करून पाकिस्तानकडे झुकण्याचे आदेश उघड केले. त्यासाठी त्यांना १९७२ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. ही टिपणे फोडली कोणी याचा शोध घेण्याचे काम ज्या पथकाकडे सोपविले गेले ते म्हणजे 'प्लंबर'. व्हिएतनामविषयीची गुप्त कागदपत्रे फुटल्यावर, अशी गळती थांबविण्यासाठी, १९७१ च्या जुलैमध्ये हे पथक निर्माण झाले होते आणि सप्टेंबरमध्ये त्याने कागदपत्रे फोडणाऱ्या डॅनियल एल्सबर्ग यांच्या मानसोपचारतज्ज्ञाच्या दवाखान्यात घुसखोरीही केली होती. वॉटरगेटची आखणी करणारे हंट आणि लिडी याच पथकातील. पूर्व पाकिस्तानविषयीची गुप्तता राखणारे आणि वॉटरगेटपर्यंत पोहोचणारे हात असे एकाच यंत्रणेचे होते. 'परराष्ट्रधोरण' आणि 'वॉटरगेट' ही दोन वेगळी प्रकरणे मानणारी मांडणी येथे टिकत नाही.

अर्थात फितींच्या मर्यादाही आहेत. बोलण्याच्या ओघात काढलेला प्रत्येक उद्गार म्हणजे निर्णय नव्हे. अनेक ठिकाणी ध्वनी अस्पष्ट आहे आणि एकाच वाक्याच्या लिप्यंतराविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. शिवाय यंत्रणेचे भान असलेला वक्ता कधी कधी पुढील पिढ्यांसाठीही बोलत असतो. म्हणून विमानांच्या बाबतीत फितीला परराष्ट्र व संरक्षण खात्यांच्या लेखी कागदांची जोड मिळते तेव्हाच तिचा पुरावा म्हणून पूर्ण भरवसा धरता येतो. ५ नोव्हेंबरच्या संभाषणावरून धोरणाचे कारण थेट काढणे धाडसाचे ठरेल. भारतद्वेषामुळे धोरण ठरले की चीनच्या ओढीमुळे, हा प्रश्न त्या फितीने सुटत नाही. माझ्या मते चीनची ओढ हे कारण होते. द्वेषाने तिचा मार्ग सुकर केला.

संग्रहालय आणि क्रमवारी

कॅलिफोर्नियातील योर्बा लिंडा येथील निक्सन ग्रंथालय १९९० मध्ये खासगी निधीतून उघडले, तेव्हा मूळ कागदपत्रे तेथे नव्हती. ती राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ताब्यात होती. तेथील वॉटरगेटविषयक दालन निक्सन यांच्या बाजूने मांडलेले होते. २००७ साली ग्रंथालय राष्ट्रीय अभिलेखागाराकडे आले, जुने दालन काढून टाकण्यात आले आणि संचालक टिमथी नफ्ताली यांच्या कारकिर्दीत, निक्सन प्रतिष्ठानचे आक्षेप पत्करून, मार्च २०११ मध्ये नवे दालन खुले झाले.

काळ सारे डाग धुऊन टाकतो असे म्हणतात. निक्सन यांच्या बाबतीत क्रमवारीचे आकडे उलट दिशा दाखवितात. ते २००० साली पंचविसावे, २००९ मध्ये सत्ताविसावे, २०१७ मध्ये अठ्ठाविसावे आणि २०२१ मध्ये एकतिसावे होते. या काळात क्रमवारीतील अध्यक्षांची एकूण संख्या एक्केचाळीसवरून चव्वेचाळीसवर गेली, हे ध्यानात घेतले तरी घसरण उरतेच. ती केवळ नव्या पुराव्यामुळे झाली असे सिद्ध करता येणार नाही. पण जसजशा फिती खुल्या होत गेल्या तसतसे स्थान खालावत गेले, हा क्रम दुर्लक्षिण्याजोगा नाही. या सर्वेक्षणात 'आंतरराष्ट्रीय संबंध' हा निकष स्वतंत्रपणे मोजला जातो. ढाक्याहून गेलेल्या तारेचे वजन त्या स्तंभात किती धरले जाते, हे एकूण क्रमांकावरून कळत नाही.

निक्सन यांच्यानंतर कोणत्याही अध्यक्षाने आपल्या कार्यालयात अशी सर्वव्यापी ध्वनिमुद्रण यंत्रणा चालविल्याचे आढळत नाही. १९७८ च्या कायद्याने अध्यक्षांचे कागद राष्ट्राचे झाले खरे, परंतु सल्लागारांशी बंद दाराआड झालेले बोलणे कागदावर उतरवावे की नाही हे ठरविणारे पुन्हा तेच लोक असतात. १९७१ नंतरच्या दक्षिण आशियाई पेचप्रसंगांचा अमेरिकी बाजूने अभ्यास करणाऱ्या संशोधकाला बैठकांची टिपणे मिळतील, तारा मिळतील, उशिरा का होईना पण मिळतील. ५ नोव्हेंबर १९७१ च्या सकाळसारखे संभाषण त्याच्या कानी पडण्याची शक्यता फारच कमी आहे.